गवयाची बिदागी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चिकपेट येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाची स्थापना झाली त्या वर्षी सतरंज्या घालणाऱ्या आणि समयांना तेल घालणाऱ्या पोरांत मी होतो. पन्नास वर्षांनी त्याच मंडळाने मला व्यासपीठावर खुर्ची द्यावी, ह्याचा आनंद आहे आणि संकोचही आहे. संकोच अशासाठी की, विषय संगीताचा आणि वक्ता कापडदुकानदार. चिटणिसांना मी तसे बोलून दाखवले. ते म्हणाले, "गाण्यावर बोलायला आम्ही गवई बोलावले आहेत; तुम्ही गाण्याच्या पैशावर बोला." तेव्हा ज्यांना गाण्याच्या संदर्भात पैशाचा उच्चार रुचत नाही अशांनी पुढील पाऊण तास मला क्षमा करावी.

आमचे घराणे मूळचे रंगाऱ्यांचे. भावसार मंडळी ह्या शहरात केव्हा आली ह्याच्या आख्यायिका घरोघरी वेगळ्या आहेत. त्यांत मी शिरत नाही. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण ती अशी कानडी हेलाची की पुण्याचे पाहुणे आधी हसतात आणि मग दुसऱ्यांदा विचारतात. वडिलांनी रंगाची कढई सोडून चिकपेटेत साड्यांची गादी घातली, आणि ती आम्ही भाऊ आजतागायत सांभाळीत आहोत. एकादशीचे भजन मात्र कढईच्या काळापासून चालत आलेले आहे. माझे गाणे काय असेल ते त्या भजनातले.

ज्या पेठेत आपण बसलो आहो तिच्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण माझा सारा मुद्दा तिच्यातूनच निघतो. केंपेगौडांनी १५३७ मध्ये हे शहर वसवले, तेव्हा दोन हमरस्ते आखले असे मानतात: एक दोड्डपेट, म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड, आणि त्याला छेदून जाणारी ही चिकपेट. भोवताली एकेका धंद्याची एकेक पेठ. तांदळाची अक्किपेट, नाचणीची रागीपेट, कापसाची अरळेपेट, बांगड्यांची बळेपेट. धान्याला, कापसाला, काचेला पेठ आहे. गाण्याला पेठ नाही. बळेपेटेत बांगड्यांच्या शेजारी आज वीणा, तंबोरे, पेट्या आणि मृदंग टांगलेले दिसतात हे खरे. पण ती वाद्यांची दुकाने झाली. वाद्य विकत मिळते, त्याची किंमत पाटीवर असते. ते वाजवणाऱ्याची किंमत कोणत्या पाटीवर असते?

जुन्या काळी ह्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. कलावंत कोणाच्या तरी पदरी असे. शहाजीराजे बंगळुरास होते तेव्हा त्यांच्या दरबारात अनेक भाषांचे कवी जमत. त्यांतल्या जयराम पिंड्ये ह्या बहुभाषी कवीचा 'राधामाधवविलासचंपू' इतिहासाचार्य राजवाड्यांनी उजेडात आणला. त्यात एकेक कवी येतो, समस्यापूर्ती करतो आणि राजाची मर्जी संपादन करतो, असा सारा थाट आहे. मर्जी हेच चलन. पुढे १६८७ मध्ये तीन लाख रुपयांच्या व्यवहाराने हे अख्खे शहरच म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हाती गेले. जिथे गावाचाच सौदा झाला, तिथे गवयाने आपल्या गाण्याचा सौदा करताना लाजावे हे मला कधी समजले नाही.

बिदागी ह्या शब्दातच ती लाज आहे. बिदागी म्हणजे निरोप देताना हातावर ठेवायचे द्रव्य. गाण्याआधी ठरवायचे ते नव्हे. गाणे संपल्यावर यजमानाला सुचेल ते. साडी नेसून, मिरवून, घडी मोडून झाल्यावर गिऱ्हाइकाने सुचेल ती रक्कम गल्ल्यावर ठेवावी, असा धंदा आमच्या पेठेत कोणी केला तर दिवाळीपर्यंत त्याच्या दुकानाला टाळे लागेल. गवयाने मात्र तो पिढ्यान् पिढ्या केला, आणि ज्याने तो करायचे नाकारले त्याला व्यवहारी, लोभी अशी विशेषणे मिळाली.

हे नाकारणारा आपल्यातला पहिला मोठा पुरुष म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. कुरुंदवाडचा जन्म, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण. मिरजेत एका प्रतिष्ठित समारंभाचे आमंत्रण शिष्याला आले आणि गुरूला, केवळ गवई म्हणून, आले नाही. तो सल घेऊन त्यांनी मिरज सोडली असे सांगतात. पुढे सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. तिकीट लावले म्हणजे काय केले, हे आज लक्षात येणार नाही. एका राजाच्या मर्जीऐवजी शंभर लोकांच्या चार-चार आण्यांवर त्यांनी भिस्त ठेवली. शंभरांतला एक रुसला तरी नव्याण्णव उरतात, हे गणित पेठेतल्या पोराला कळते. संगीतात ते प्रथम ह्या माणसाने मांडले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. तिथे फी घेऊन शिकवणे सुरू केले, छापखाना घातला, स्वरलिपीची पुस्तके काढली. म्हणजे मैफल, शिकवणी आणि पुस्तक असे उत्पन्नाचे तीन झरे झाले. गळा बसला तर पुस्तक विकले जाते, पुस्तक खपले नाही तर फी येते.

इथपर्यंत त्यांचे चरित्र मी कोणाही तरुण कलावंताच्या हाती व्यवहाराचे पाठ्यपुस्तक म्हणून देईन. पण त्याचा उत्तरार्धही द्यावा लागेल. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईस विद्यालय नेले. सँडहर्स्ट रोडला मोठी इमारत कर्ज काढून उभारली. शिष्यांना ठेवून घेऊन शिकवायचे, त्यांचा खर्च विद्यालयाने करायचा; आणि कर्जाचे हप्ते कशातून, तर बुवांच्या मैफलींतून. संस्था वाढत गेली, हप्ते वाढत गेले, आणि फेडणारा गळा मात्र एकच. १९२४ मध्ये त्या इमारतीवर लिलावाची वेळ आली. १९३१ मध्ये मिरजेस ते वारले तेव्हा त्यांच्यापाशी द्रव्य नव्हते.

ह्यावर 'कलावंताला हिशेब येत नाही' असा शेरा मारून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. मला तो शेरा अन्यायाचा वाटतो. विष्णु दिगंबरांना हिशेब येत होता, म्हणून तर ते लाहोरला उभे राहिले. चूक झाली ती एका जागी: संस्थेचे खाते आणि स्वतःच्या गळ्याचे खाते एकाच वहीत लिहिले गेले. दुकानाच्या कर्जाला राहते घर तारण ठेवू नये, असे माझे वडील म्हणत. गळा हे गवयाचे राहते घर आहे.

नाटकमंडळ्यांची गोष्ट ह्याच वळणाची. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्वांबरोबर गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे भागीदार होते. पुढे दोघेही बाहेर पडले आणि मालकाला 'नाही' म्हणणारे भागीदारीत कोणी उरले नाही. बालगंधर्वांच्या शालूंविषयी, गालिच्यांविषयी, अत्तराविषयी आपण कौतुकाने बोलतो. मी साड्या विकणारा माणूस. ते कौतुक ऐकताना माझ्या मनात निराळाच विचार येतो: ते शालू ज्याने दिले त्याची उधारी वहीत किती दिवस लोंबत असेल! हिराबाई बडोदेकरांचे उदाहरण मला त्याहून बोलके वाटते. ज्या काळी घरंदाज समाज गाणाऱ्या बाईकडे वाकड्या नजरेने बघे, त्या काळी त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. भावंडांसह काढलेली नाटक मंडळी कर्जात बुडाली, तेव्हा ते कर्ज त्यांनी मैफली करकरून फेडले. त्यांच्या सुरेलपणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या सचोटीवर फार थोडे.

आता ध्वनिमुद्रिकांकडे वळतो, कारण माझी स्वतःची कथा तिथे गुंतली आहे.

१९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजानने ग्रामोफोन कंपनीसाठी गायिले. त्या मुद्रिकांच्या शेवटी ती इंग्रजीत आपले नाव पुकारते. तबकड्या जर्मनीत तयार होत. तिथल्या कारागिराला कोणते गाणे कोणाचे हे कळावे आणि कागदी चिकटपट्टीवर बरोबर नाव छापले जावे म्हणून ती प्रथा पडली, असे तिचे स्पष्टीकरण देतात. मला त्यात आमच्या पेठेची रीत दिसते: माल दारातून बाहेर पडण्याआधी त्यावर छाप उठली पाहिजे. गौहरजानने अमाप मिळवले आणि कोर्टकज्ज्यांत बरेचसे घालवले. अखेरीस १९२८ मध्ये म्हैसूर दरबारने तिला दरमहा ५०० रुपयांवर ठेवून घेतले, आणि १९३० च्या जानेवारीत ती म्हैसुरातच वारली. उभ्या हिंदुस्थानात जिचा आवाज घरोघर पोचला होता, तिला शेवटी पुन्हा कोणाच्या तरी पदरी जावे लागले. आवाज घरोघर पोचणे आणि त्याचे मोल आपल्या घरी पोचणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझा आवाज घरोघर पोचला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण काही घरांत तो पोचला. १९८६ साली, कॅसेटींचा सुकाळ होता तेव्हा, एका कंपनीचा माणूस आमच्या भजनाला आला. आठ अभंगांना मी लावलेल्या चाली त्याला आवडल्या. शब्द संतांचे, म्हणजे सर्वांचे, चाली माझ्या, गळाही माझा. दोन दिवसांत ध्वनिमुद्रण झाले. तिसऱ्या दिवशी त्याने एक टंकलिखित कागद पुढे केला आणि दोन हजार रुपये व पन्नास कॅसेटी दिल्या. कागद इंग्रजीत होता. मला इंग्रजी येत नव्हते असे नाही. मी तो वाचला नाही इतकेच. कॅसेटीवर माझे छायाचित्र येणार ह्या आनंदात मी सही केली.

श्रोतेहो, ज्या हातांनी मी दुकानात खणाच्या तुकड्याचीही पावती फाडतो, गज लावताना बोटभर कापड जास्त जाऊ देत नाही, त्याच हातांनी ती सही केली. माल दुसऱ्याचा असता तर मी तो कागद तीनदा वाचला असता. माल माझ्याच अंगातून निघालेला, म्हणून तो मला फुकटचा वाटला.

त्या कॅसेटी खपल्या. किती खपल्या हे मला कोणी कळवले नाही आणि मीही विचारले नाही. काळ गेला, कॅसेट गेली, ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली. चार वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने घरच्या एकादशीच्या भजनाचे चित्रण केले; त्यात त्याच आठांपैकी एक अभंग मी म्हटला होता. ते त्याने सर्वांना पाहता यावे म्हणून संगणकाच्या जाळ्यावर ठेवले. आठवड्याभरात ते तिथून उतरवले गेले. हक्कदार कंपनीची हरकत, असे कारण आले. पुतण्या मोबाइल घेऊन गल्ल्यापाशी आला आणि म्हणाला, "काका, ही चाल तुमची ना?" दुकानात गिऱ्हाईक होते. मी त्याला म्हटले, नंतर सांगतो.

तो जुना कागद शोधून मी वकिलांना दाखवला. त्यात सर्व हक्क, सर्व देशांसाठी, सर्व काळासाठी, आज असलेल्या आणि पुढे निघतील त्या सर्व माध्यमांसाठी दिल्याचे लिहिले होते. वकील म्हणाले, कायद्यात २०१२ मध्ये चांगल्या दुरुस्त्या झाल्या. पण तुमचा कागद त्याआधीचा, त्यावर भांडायचे तर वर्षे जातील. कंपनीला मी रीतसर पत्र पाठवले आहे. उत्तर आलेले नाही.

त्यानंतर मी त्या कायद्याचा, माझ्या दुकानदारी बुद्धीला झेपेल तितका, अभ्यास केला. तो तरुणांपुढे ठेवतो. आमच्या जुन्या धंद्यातला दाखला घेतला तर तो सोपा होतो. रंगाऱ्याकडे लाकडी ठसा असतो आणि ठशाने छापलेले कापड असते. कापड विकले तर एक कापड जाते. ठसा विकला तर पुढची सारी कापडे जातात. गाण्यात चाल हा ठसा आहे, शब्द हा दुसरा ठसा आहे, आणि ध्वनिमुद्रण हे छापलेले कापड. मात्र असे कापड की ज्याच्या प्रती निघू शकतात, म्हणून त्याचाही हक्क निराळा. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा, प्रयोगकर्ता म्हणून चौथा हक्क. हे चारही एका सहीने देता येतात. माझ्यापाशी जे होते ते मी दिले. न देताही कॅसेट निघू शकली असती. ध्वनिमुद्रण वापरण्याची परवानगी अमुक वर्षांपुरती द्यायची आणि चाल आपल्याकडे ठेवायची, हा मार्ग तेव्हाही होता.

ह्या बाबतीत आपला १९५७ चा प्रताधिकार कायदा प्रारंभी कलावंताला फारसा धार्जिणा नव्हता. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. परंतु १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट-संगीताच्या प्रकरणात निर्मात्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी त्या निकालाला जोड देऊन, गाणाऱ्याला ह्या कायद्यात स्थानच नाही ही उणीव दाखवली. गाणाऱ्याच्या हक्काला कायद्यात जागा मिळायला १९९४ उजाडले. २०१२ च्या दुरुस्तीने तर असे ठरवले की, चित्रपटात वा ध्वनिमुद्रणात घेतलेल्या शब्दांच्या आणि चालीच्या कर्त्याने आपला स्वामित्वधनाचा समान वाटा विकून टाकतो म्हटले तरी तो विकता येत नाही. वारसांना किंवा हक्क-संस्थेलाच काय तो देता येतो. ज्या माध्यमाचा कागदात स्पष्ट उल्लेख नाही आणि जे त्या वेळी चलनात नव्हते, ते त्या कागदात आले असे धरता येत नाही. हक्क किती काळासाठी दिला ते लिहिले नसेल तर तो पाच वर्षांपुरता समजतात. कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिले नसेल तर भारतापुरता. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात तो वापरलाच नाही, तर कागदात अन्यथा लिहिले नसल्यास तो परत येतो. ह्या पाच वाक्यांचा कागद करून प्रत्येक गाणाऱ्याने तंबोऱ्याच्या गवसणीत ठेवावा. शब्द वा चाली रचणाऱ्यांनी त्या सोसायटीचे सभासद व्हावे. गायकांच्या हक्कांसाठीही २०१३ मध्ये स्वतंत्र संस्था निघालेली आहे. अर्ज भरायला कंटाळा येतो म्हणून स्वतःचे पैसे सोडणारे कलावंत मी पाहिले आहेत, आणि त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही.

मोबाइलवर गाणी ऐकवणाऱ्या कंपन्यांविषयी मला मुले विचारतात. गाणे तिथे अवश्य ठेवा. पण ती दुकानाबाहेरची पाटी आहे असे समजून ठेवा, गल्ला समजून नव्हे. एका ऐकण्यामागे हाती पडतात ते पैसे, रुपये नव्हेत. पाटी वाचून जो आत येतो त्याच्याशी व्यवहार होतो. म्हणून जो आत आला त्याचे नाव लिहून ठेवा. आमच्या दुकानात वडिलांच्या वेळची एक लांबोडकी वही आहे. कोणत्या घरी कोणाचे लग्न, कोणता रंग नेला, मुलगी कोणत्या गावी दिली, हे तिच्यात सापडते. त्या मुलीच्या मुलीचे लग्न ठरले की आमचे पत्र जाते, आणि मंडळी रस्त्यावरची दहा दुकाने ओलांडून आमच्याकडे येतात. शंभर माणसे एका गाण्याला आली आणि एकाचेही नाव-ठिकाण तुमच्यापाशी उरले नाही, तर पुढच्या वेळी तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून दवंडी पिटावी लागते. ह्याच शहरात १९०५ पासून बेंगळूर गायन समाज चालला आहे. चामराजपेटेतली श्रीरामसेवा मंडळी १९३९ पासून रामोत्सवात गाणी करीत आली आहे. मांडव मोठा म्हणून त्या टिकल्या असे मी मानत नाही. दर वर्षी त्याच घरांतून येणारी माणसे त्यांनी धरून ठेवली, म्हणून टिकल्या. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ पासून जो महोत्सव चालवला, त्याचेही बळ मला तेच दिसते.

नाव जपण्याची एक ताजी गोष्ट बळेपेटेतल्या एका वाद्यविक्रेत्याने मला सांगितली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे वाटेल त्याने वाटेल तिथे भोपळा कोरून त्याला मिरजेचा तंबोरा म्हणू नये, ही तजवीज झाली. तंबोरा करणाऱ्यांनी आपले नाव बांधून घेतले. तो छेडणाऱ्यांनी अजून घेतलेले नाही.

मानधनाच्या ठरावाविषयी थोडे बोलतो, कारण तिथे आपल्या मंडळाचाही दोष आहे आणि घरच्या कार्यात तो बोलायला हरकत नाही. आपण कलावंताला दूरध्वनी करतो. "आमचे मंडळ लहान आहे, पण श्रोते दर्दी आहेत," असे सांगतो. रक्कम बोलत नाही. तोही भिडेने बोलत नाही. कार्यक्रम झाल्यावर शाल, श्रीफळ आणि पाकीट. पाकिटात काय आहे हे त्याला रिक्षात बसल्यावर कळते, आणि त्यातून तबला-पेटीवाल्यांना देऊन उरले तर त्याचे. गेल्या पन्नास वर्षांत मंडळाने किती शाली दिल्या ह्याचा अंदाज मला आहे, कारण त्या आमच्याच दुकानातून जात. आणि त्या शालींचे बिल मंडळाने कधी पाकिटात घालून मला सुचेल तेवढे दिलेले नाही. बिलाप्रमाणे दिले. मला बिलाप्रमाणे आणि गवयाला मनाप्रमाणे, हे कसे?

तेव्हा कलावंताने रक्कम आधी बोलावी, आणि ती बोलताना आवाज खाली जाऊ देऊ नये. साथीदारांचे आकडे वेगळे सांगावेत. प्रवास, मुक्काम, आगाऊ रक्कम, कार्यक्रम आयत्या वेळी रद्द झाल्यास काय, आणि ध्वनिमुद्रण कोणी करायचे व त्याचे पुढे काय होणार, हे एका कागदावर यावे. फुकट गायचे असेल तर जरूर गावे. देवळात मी जन्मभर फुकटच गायिलो. पण कोणासाठी फुकट, हे आपण ठरवावे. ज्या समारंभात मांडववाल्याला, आचाऱ्याला आणि फुलवाल्याला पैसे मिळतात आणि गाणाऱ्याला केवळ 'तुमचे नाव होईल' असे आश्वासन मिळते, तिथे फुलवाल्याला विचारून पाहावे की त्याचे नाव झाले तर तो फुले सोडेल काय. कराचेही भय बाळगू नये. शास्त्रीय किंवा लोककलेच्या प्रयोगाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. भावगीतवाल्यांनी मात्र हे आपल्यालाही लागू आहे असे परस्पर धरून चालू नये, हिशेबनिसाला विचारावे. आणि मानधनातून कर कापून घेतला असेल तर त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. पुष्कळांचे पैसे केवळ ते न मागितल्यामुळे सरकारजमा राहतात.

काही ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर नापसंती दिसते आहे. गाणे ही साधना, तिला बाजार कशाला, असा त्यांचा प्रश्न असणार. त्यांना माझे उत्तर एवढेच की, साधना करणाऱ्याच्या घरचे भाडे साधनेने चुकत नाही. भाडे थकले की तो शिकवणी वाढवतो, रियाज कमी करतो, आणि मग आपणच म्हणतो की हल्लीच्या गाण्यात पूर्वीचा राम नाही. माझ्या तरुणपणी माझ्याहून किती तरी सरस गाणारा एक सोबती ह्याच गल्लीत होता. तो आज गाणे विचारले तर विषय बदलतो. त्याला कोणी वाईट वागवले नाही. पंधरा वर्षे सगळ्यांनी शाली दिल्या.

माझा वेळ संपत आला. चिटणिसांच्या टेबलावर ठरावाच्या कागदाचा एक नमुना ठेवला आहे, मराठीत आणि कानडीत. वकिलांनी तो तपासला आहे. ज्याला हवा त्याने प्रत घेऊन जावी. आणि मंडळाच्या पुढील कार्यक्रमापासून आपणही तोच वापरावा, अशी सूचना मी कार्यकारिणीला लेखी दिली आहे. त्या आठ अभंगांपैकी ज्यावर हरकत आली, त्याला मी नवी चाल लावली आहे. ती कोणती, कोणत्या दिवशी पुरी झाली, हे तारखेसह लिहून ठेवले आहे. आता माझा पुतण्या ती म्हणणार आहे. ज्यांना मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचे असेल त्यांनी कृपया आधी चिटणिसांकडे जाऊन सही करावी.